सस्तन प्राण्यांचे जीवाश्म आणि पुरापर्यावरणाचे वाचन : पूर्व विदर्भाच्या संदर्भात एक चिकित्सा

१. प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगड हे स्थान महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे पूर्व विदर्भात सर्वपरिचित आहे. डोंगर, किल्ल्याचे अवशेष, महादेवाचे स्थान व दर्गा, भोवती पानगळीचे जंगल, जंगलाला लागून भाताच्या बांध्या आणि तलाव असा हा परिसर आहे. या भूभागाचे वर्णन करताना ‘अनादी काळापासूनचे अरण्य’ असा शब्दप्रयोग सहजपणे केला जातो. ‘अनादी’ हा शब्द श्रद्धेच्या भाषेत येतो तोवर त्यास हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु तोच शब्द भूतकाळाविषयीचे विधान म्हणून अभ्यासलेखनात येऊ लागला, म्हणजे त्यामागील पुरावा तपासणे आवश्यक ठरते.

एखाद्या प्रदेशात पूर्वी अरण्य होते, गवताळ माळ होता की दलदल होती, हे ठरविण्याच्या साधनांत सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांना महत्त्वाचे स्थान आहे. सस्तन प्राण्यांचे दात दीर्घकाळ टिकतात, दातांच्या रचनेवरून आहाराचा अंदाज बांधता येतो आणि आहारावरून वनस्पतीजीवनाचा. मात्र प्रतापगडच्या परिसरात हे साधन सहज उपलब्ध नाही. येथील डोंगर ज्या प्राचीन स्फटिकी व रूपांतरित खडकांचे आहेत, ते शंभर कोटी वर्षांहून कितीतरी जुने आहेत. पृथ्वीवरील पहिले सस्तन प्राणी त्यानंतर फार उशिरा, सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या आगेमागे अवतरले. त्यामुळे या खडकांत त्यांचे अवशेष शोधणे व्यर्थ होय. येथील भूतकाळाविषयी काही अनुमान करावयाचे तर ते शेजारच्या प्रदेशांतील पुराव्याच्या आधारेच करावे लागते. या परिसराचे पाणी अखेर वैनगंगेस मिळते, वैनगंगा व वर्धा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत विलीन होते. म्हणून गोदावरी खोऱ्यातील व त्यालगतच्या प्रदेशातील जीवाश्मांचा विचार येथे प्रस्तुत आहे.

प्रस्तुत लेखात नवीन जीवाश्मांची नोंद नाही. उपलब्ध जीवाश्मांवरून पुरापर्यावरणाविषयी जी अनुमाने केली गेली, त्यांच्या तर्कपद्धतीची चिकित्सा करणे एवढाच या लेखाचा हेतू आहे. प्रतिपादन असे की, सस्तन प्राण्याचे हाड वा दात एकट्याने पर्यावरण सांगत नाही. तो अवशेष, तो ज्या थरात सापडला त्या थराची नोंद, आणि त्या अवशेषाशी संबंध नसलेला दुसरा स्वतंत्र पुरावा, या तिहींची सांगड बसेल तेवढेच अनुमान ग्राह्य मानता येते. या कसोटीवर आपल्याकडील अभ्यासपरंपरेतील काही अनुमाने उत्तम उतरतात, तर काही अपुरी पडतात.

२. हिस्लॉप यांचा वारसा आणि मिलिमीटरच्या मापाचे दात

मध्य भारतातील जीवाश्मसंशोधनाचा आरंभ बहुतांशी नागपुरात झाला. १८४५ मध्ये नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूर परिसराच्या भूविज्ञानावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या दोन लाव्हाथरांच्या मधे गोड्या पाण्यातील गाळाचे पातळ थर सापडतात व त्यांत शिंपले, मासे आणि वनस्पतींचे अवशेष असतात, या गोष्टीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्यात हिस्लॉप यांच्या नागपूर व टाकळी येथील संग्रहाचा मोठा वाटा आहे. लाव्हा वाहण्याच्या दोन घटनांमध्ये पुरेसा अवकाश होता, त्या अवकाशात तळी निर्माण झाली आणि त्यांत जीवसृष्टी नांदली, असा या थरांचा अर्थ आहे.

या आंतरथरांत सस्तन प्राण्यांचा पुरावा मिळावयास मात्र सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. १९८८ मध्ये जी. व्ही. आर. प्रसाद व अशोक साहनी यांनी आजच्या तेलंगणातील नासकल येथील अशाच थरातून भारतातील पहिल्या क्रिटेशसकालीन सस्तन प्राण्याची नोंद केली आणि त्यास ‘डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी’ असे नाव दिले. विलंबाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. या प्राण्याचे दात मिलिमीटरच्या मापाचे आहेत. डोळ्यांनी शोधून आणि हातोडीने फोडून ते मिळत नाहीत. गाळाचा दगड मोठ्या प्रमाणावर पाण्यात भिजवून, विरघळवून, बारीक चाळणीतून धुऊन उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली निवडावे लागतात. चाळणी वापरात आली नव्हती तोवर ‘या थरांत सस्तन प्राणी नाहीत’ असे विधान पुराव्यावर आधारलेले दिसत असे. वस्तुतः ते शोधपद्धतीच्या मर्यादेवर आधारलेले होते.

येथेच पहिली कसोटी स्पष्ट होते. एखाद्या प्रदेशात अमुक प्राण्याचे जीवाश्म नाहीत, असे म्हणण्यापूर्वी ते कोणत्या पद्धतीने शोधले गेले, हे सांगणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रातील नदीखोऱ्यांतून नोंदल्या गेलेल्या जीवाश्मांत हत्ती, रानबैल, पाणघोडा यांसारख्या महाकाय प्राण्यांचे प्राबल्य आहे. उंदीर, चिचुंद्री, ससा यांसारख्या लहान प्राण्यांचा पुरावा तुलनेने अत्यल्प आहे. प्रत्यक्षात लहान प्राणी थोड्या क्षेत्रात जगतात, त्यामुळे स्थानिक पर्यावरणाचे ते अधिक विश्वसनीय निदर्शक असतात. हत्ती हंगामानुसार दूरवर स्थलांतर करतो. त्याचे एक हाड कोणत्या माळाची वा वनाची साक्ष देते, हे ठरविणे कठीण असते.

डेक्कनोलेस्टिसच्या बाबतीत पुढे झालेले काम या दृष्टीने आदर्श म्हणावे असे आहे. १९९४ मध्ये प्रसाद व मार्क गॉडिनो यांनी नासकल येथील घोट्याच्या हाडांचा अभ्यास करून हा प्राणी झाडांवर वावरणारा असावा, असे अनुमान मांडले. २०१० मध्ये डग बॉयर व सहकाऱ्यांनी इतर अवयवांच्या हाडांच्या अभ्यासातून त्यास पुष्टी दिली. येथे आजच्या एखाद्या नातलग प्राण्याच्या सवयी भूतकाळावर लादलेल्या नाहीत. सांधा कोणत्या दिशेने व किती वळतो, या यांत्रिक विचारावर अनुमान उभे आहे. झाडांवर चढणारा प्राणी असेल तर झाडे होती, एवढे विधान त्यातून निघते. ते विधान मर्यादित आहे आणि मर्यादित असल्यामुळेच भक्कम आहे.

३. पिसदुरा : गवताचा पुरावा आणि गवताळ प्रदेशाचा भास

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात असलेले पिसदुरा हे गाव डायनोसॉरच्या अवशेषांसाठी प्रसिद्ध आहे. येथील लॅमेटा थरांत हाडांबरोबर प्राण्यांच्या विष्ठेचे जीवाश्म, म्हणजे विष्ठाश्म, मोठ्या संख्येने मिळतात. सी. ए. मॅटली यांनी १९३९ मध्ये त्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला होता. २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी या विष्ठाश्मांतील फायटोलिथांचा, म्हणजे वनस्पतींच्या पेशींत साचणाऱ्या सिलिकाच्या सूक्ष्म कणांचा, अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांत किमान पाच प्रकारच्या गवतांचे कण ओळखता आले. गवतवर्गाचे वैविध्य डायनोसॉरांच्या अस्तानंतरचे आहे, या तोवरच्या समजुतीस या शोधाने धक्का दिला. २०११ मध्ये याच दिशेने पुढे जाऊन भातवर्गीय गवतांची वंशशाखाही क्रिटेशस काळाच्या अखेरीस अस्तित्वात होती, असे प्रतिपादन वंदना प्रसाद व सहकाऱ्यांनी केले. भाताचे कोठार म्हणविल्या जाणाऱ्या गोंदिया-भंडारा परिसरातील वाचकास या निष्कर्षाविषयी साहजिकच आत्मीयता वाटेल. मात्र येथे भातवर्गीय म्हणजे भाताच्या अतिप्राचीन वंशशाखेतील गवत एवढाच अर्थ आहे. लागवडीच्या धानाशी त्याचा थेट संबंध जोडणे हा विपर्यास ठरेल.

२००५ च्या या संशोधनातील सस्तन प्राण्यांविषयीचा धागा आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. क्रिटेशसच्या अखेरीस भारतात गोंडवानाथेरियम गटाचे सस्तन प्राणी होते. १९९७ मध्ये त्यांची भारतातील पहिली नोंद झाली आणि २००७ मध्ये, गोंदियाच्या उत्तरेस असलेल्या मध्य प्रदेशातील दिंडोरी जिल्ह्यातील किसलपुरी येथील अवशेषांवरून ‘भारतथेरियम’ हे नाव देण्यात आले. या गटाचे नावच ज्या शब्दावरून आले तो ‘गोंडवाना’ शब्द गोंडांच्या भूमीवरून घेतलेला आहे. या प्राण्यांच्या दाढा उंच शिखराच्या, म्हणजे झिजत गेल्या तरी दीर्घकाळ पुरतील अशा असतात. आजच्या घोडा, गाय यांसारख्या गवत खाणाऱ्या प्राण्यांतही हे लक्षण दिसते. तेव्हा गवत होते आणि उंच शिखराच्या दाढाही होत्या, म्हणून हे सस्तन प्राणी गवत खात असावेत, अशी शक्यता मांडली गेली.

मूळ संशोधकांनी ही गोष्ट शक्यता म्हणूनच मांडली, हे येथे नमूद केले पाहिजे. तथापि अशा शक्यतेचे पुढच्या लेखनात निष्कर्षात रूपांतर होण्याचा धोका असतो. त्यादृष्टीने तीन आक्षेप विचारात घ्यावेत. पहिला, गवताचे कण विष्ठाश्मांत मिळाले आहेत आणि ते विष्ठाश्म टायटनोसॉर गटाच्या डायनोसॉरांचे असावेत असे मानले जाते. सस्तन प्राण्यांच्या दातांवर ते मिळालेले नाहीत. दुसरा, दाढांची झीज केवळ गवतामुळे होत नाही. खाद्यासोबत तोंडात जाणारी माती, वाळू व धूळ हीही तिची कारणे असतात. लाव्हाच्या उद्रेकांचा तो काळ लक्षात घेता हा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही. तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याच विष्ठाश्मांत ताडवर्गीय, सूचिपर्णी व अन्य सपुष्प वनस्पतींचेही कण आढळले. म्हणजे गवत हा आहारातील अनेक घटकांपैकी एक होता. गवत असणे आणि गवताळ प्रदेश असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आजही नवेगाव वा नागझिऱ्याच्या जंगलात बांबूसह अनेक गवते वाढतात. तेवढ्यावरून त्या जंगलास कोणी माळरान म्हणत नाही. पिसदुऱ्याच्या पुराव्यातून भूदृश्यात गवत होते एवढे सिद्ध होते. गवताने भूदृश्य व्यापले होते, असे त्यातून सिद्ध होत नाही.

४. गोदावरी व मांजरा : यादीपासून पर्यावरणाकडे

क्रिटेशस काळानंतर महाराष्ट्रातील सस्तन जीवाश्मांचा दुसरा मोठा पुरावा थेट प्लाइस्टोसीन काळातील, म्हणजे गेल्या सुमारे पंचवीस लाख वर्षांतील नदीकाठच्या गाळात मिळतो. मधल्या कोट्यवधी वर्षांचे पान जवळपास कोरे आहे. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथे गोदावरीच्या गाळात मिळालेल्या हत्तीविषयी गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात निबंध लिहिला. नर्मदेच्या गाळातील याच जातीच्या हत्तीस फॉकनर व कॉटली यांनी १८४६ मध्ये नाव दिले होते. पिलग्रिम यांच्या निबंधाचे शीर्षक पाहिले तरी त्या काळाची दृष्टी कळते. जाती कोणती, तिचा प्रसार कोठवर आणि थराचे वय किती, हे त्या शीर्षकातील प्रश्न आहेत. तो हत्ती कोणत्या निसर्गात वावरत होता, हा प्रश्न त्यात नाही. ही त्या काळाची मर्यादा होय, लेखकाचा दोष नव्हे.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवासे परिसरात व गोदावरीच्या खोऱ्यात अश्मयुगीन हत्यारांचा शोध घेताना प्राण्यांच्या हाडांकडेही लक्ष दिले. ग्यानीलाल बदाम यांचा ‘प्लाइस्टोसीन फॉना ऑफ इंडिया’ हा १९७९ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रकाशित केलेला ग्रंथ या परंपरेतील महत्त्वाचा टप्पा आहे. शिवालिकपासून द्वीपकल्पाच्या नद्यांपर्यंत विखुरलेल्या नोंदी त्याने एकत्र आणल्या. मांजरा खोऱ्यातही याच संस्थेतील अभ्यासकांनी हत्ती, रानबैल, पाणघोडा आदींचे अवशेष अभ्यासले.

या परंपरेचे ऋण मान्य करूनही तिच्यातील पर्यावरणविषयक तर्काची तपासणी करावी लागते. या तर्काची सर्वसाधारण रीत अशी : आधी आढळलेल्या प्राण्यांची यादी द्यावयाची, मग प्रत्येक प्राण्याच्या आजच्या नातलगाचा अधिवास सांगावयाचा, आणि अखेरीस त्या अधिवासांची बेरीज करून प्राचीन पर्यावरणाचे चित्र मांडावयाचे. पाणघोडा आहे म्हणून बारमाही पाणी, रानबैल आहे म्हणून गवत, हत्ती आहे म्हणून झाडी. आणि या बेरजेतून ‘नदीकाठी झाडी, पलीकडे गवताळ माळ, अधूनमधून दलदल’ असे चित्र तयार होते. हे चित्र चुकीचे असेलच असे नाही. अडचण अशी की, ते इतके सर्वसमावेशक असते की कोणत्याही नव्या शोधाने ते खोटे ठरू शकत नाही. जे विधान खोटे ठरण्याची शक्यताच नाही, त्याचे ज्ञानमूल्य कमी असते.

पाणघोड्याच्या उदाहरणावरून हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात पाणघोड्याचा अवशेष मिळाला तर त्यावरून त्या ठिकाणी भरपूर पाऊस होता असे म्हणता येत नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ सह्याद्रीत उगम पावते; तेथील मुसळधार पावसाचे पाणी ती पर्जन्यछायेच्या प्रदेशात वाहून आणते. आसपासचा माळ कोरडा असतानाही नदीच्या डोहात पाणघोडा जगू शकेल. मांजरेची गोष्ट निराळी आहे. ती सह्याद्रीत नव्हे, तर बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरांत उगम पावते. तिला दूरच्या अतिवृष्टीचा आधार नाही. त्यामुळे मांजरा खोऱ्यातील पाणघोडा हा त्या खोऱ्यातील स्थानिक पाणीमानाविषयी गोदावरीतील पाणघोड्यापेक्षा अधिक ठोस काही सांगतो. एकाच प्राण्याच्या साक्षीचे वजन नदीगणिक बदलते. प्राण्यांची यादी हा भेद दाखवीत नाही; तो दाखविण्यासाठी भूगोल जोडावा लागतो. पाणघोडा भारतात सुमारे सोळा हजार वर्षांपूर्वीपर्यंत टिकून होता, असे नर्मदा खोऱ्यातील अवशेषांवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले आहे. म्हणजे हा प्रश्न अतिप्राचीन काळाचा नसून माणूस या भूमीवर वावरत असलेल्या काळाचा आहे.

५. काळ ठाऊक नसेल तर पर्यावरण कोणाचे?

नदीच्या गाळातील हाडांबाबत आणखी दोन अडचणी येतात. पहिली स्थानांतराची. पुराच्या पाण्याने हाडे वाहत येतात, जुन्या थरातून निसटून नव्या थरात रुततात, जड व टणक भाग उरतात आणि नाजूक भाग नष्ट होतात. एका थरात एकत्र मिळालेले प्राणी एकाच काळी, एकाच ठिकाणी जगत होते असे गृहीत धरता येत नाही. हाडांच्या कडा घासलेल्या आहेत काय, सांध्याची हाडे एकत्र आहेत काय, याची नोंद असल्याशिवाय या शंकेचे निरसन होत नाही.

दुसरी अडचण कालनिर्णयाची. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे मिळालेल्या ज्वालामुखीय राखेचा वाद या संदर्भात उद्बोधक आहे. काही अभ्यासकांनी किरणोत्सारी मापनाच्या आधारे ही राख लक्षावधी वर्षे जुनी असल्याचे प्रतिपादन केले. इतरांनी तिच्या रासायनिक घटकांवरून ती सुमात्रातील तोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची असल्याचे म्हटले. या दोन मतांतील अंतर लहान नाही. त्या कालावधीत हिमयुगीन थंड-कोरडे आणि उष्ण-आर्द्र असे अनेक फेरे होऊन गेले. त्या राखेच्या आधारे वय ठरविलेल्या थरातील प्राण्यावरून आपण पर्यावरण सांगू लागलो, तर ते नेमक्या कोणत्या फेऱ्याचे, हे अनुत्तरितच राहील. ‘प्लाइस्टोसीन काळी येथे अमुक पर्यावरण होते’ हे वाक्य आपल्या पाठ्यपुस्तकांत वारंवार येते. पंचवीस लाख वर्षांना एकच पर्यावरण बहाल करणारे हे वाक्य वस्तुतः काहीच सांगत नाही.

६. नवेगावबांधची कसोटी

एखाद्या तर्कपद्धतीची विश्वसनीयता तपासण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे, जेथील उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे तेथे ती लावून पाहणे. प्रतापगडपासून फार दूर नसलेला नवेगावबांधचा परिसर यासाठी घेऊ. येथे आज वाघ, बिबट्या, अस्वल, रानगवा, सांबर, चितळ, नीलगाय हे वन्य प्राणी आहेत. गावोगाव गाई, म्हशी, शेळ्या आहेत. आणि कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांचे पाणी आहे. आजपासून एक लाख वर्षांनी एखाद्या अभ्यासकास वैनगंगेच्या गाळात आजच्या प्राण्यांची हाडे मिळाली, असे समजू.

त्याच्या हाती बहुसंख्येने गाई-म्हशींचे दात लागतील, कारण संख्या त्यांचीच अधिक आहे. वाघाचे हाड क्वचितच मिळेल. जंगलातील मृत प्राण्यांची हाडे ओल, कीटक आणि साळिंदरासारखे कुरतडणारे प्राणी यांमुळे बव्हंशी नष्ट झालेली असतील. यादीपद्धतीने विचार करणारा तो अभ्यासक म्हशीवरून दलदल व गाईवरून विस्तीर्ण गवताळ माळ असे चित्र रेखाटील. जंगल त्याच्या चित्रात जवळपास येणारच नाही. तलावांच्या तळाचा गाळ त्याला मिळाला, तर त्यावरून तो मोठ्या पावसाचा, नैसर्गिक सरोवरांचा काळ कल्पील. पाणी मानवी श्रमाने अडविलेले होते, हे त्यास प्राण्यांच्या हाडांवरून कळणार नाही. नांदूर मधमेश्वरबाबत असेच घडेल. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बंधाऱ्यामुळे निर्माण झालेल्या आणि २०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट झालेल्या तेथील पाणथळीचे श्रेय तो हवामानास देईल.

या काल्पनिक अभ्यासकाचे तीनही दोष आपल्या अभ्यासातही संभवतात. मुबलकतेला तो महत्त्व समजतो, अभावाला पुरावा समजतो आणि पाण्याच्या कारणाचा शोध न घेता ते हवामानाच्या खाती टाकतो. प्लाइस्टोसीन काळात बांधलेले तलाव नव्हते हे खरे. परंतु नैसर्गिक बांध, दरडी, नदीचे पात्रांतर यांनी स्थानिक पाणथळी निर्माण होतच होत्या. म्हणून पाण्याचे कारण विचारण्याची आवश्यकता त्या काळासही लागू आहे.

७. अतिसावधतेचा आक्षेप

येथे एक आक्षेप घेतला जाईल की, इतक्या अटी घातल्यावर पुरापर्यावरणाविषयी काहीच बोलता येणार नाही. हा आक्षेप गंभीरपणे घ्यावा असा आहे. परंतु प्रत्यक्ष संशोधनाकडे पाहता तो टिकत नाही. आंध्र प्रदेशातील कर्नूल परिसरातील बिल्लासुरगम गुहांचे उदाहरण घ्यावे. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८० च्या दशकात तेथे उत्खनन केले होते. तेथील थरांचा नव्याने, कालमापनासह अभ्यास करून पॅट्रिक रॉबर्ट्स व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. गेल्या सुमारे दोन लाख वर्षांच्या थरांत ओळखता आलेल्या २१ सस्तन गटांपैकी २० आजही भारतीय उपखंडात आढळतात. हवामानाचे मोठे चढउतार होऊनही बहुतेक प्राणी टिकून राहिले. त्यामागे वन, गवत व पाणी यांचे परस्परांना जोडलेले संमिश्र अधिवास कारणीभूत असावेत, असा त्यांचा अर्थनिर्णय आहे. हे विधान मोठे आहे आणि तरीही ते पेलते. कारण थरांचा क्रम माहीत आहे, वय मोजलेले आहे आणि लहान प्राणीही मोजले गेले आहेत.

दुसरे साधन दंतवल्कातील कार्बनच्या समस्थानिकांचे. झाडे-झुडपे आणि उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते यांची प्रकाशसंश्लेषणाची रीत भिन्न असते. त्यामुळे त्यांतील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण वेगळे असते व ते खाणाऱ्या प्राण्याच्या दातात उतरते. नातलगांच्या आजच्या सवयीवर विसंबण्याऐवजी त्या विशिष्ट प्राण्याने प्रत्यक्षात काय खाल्ले, हे यावरून पडताळता येते. शिवालिक प्रदेशातील गवतांचा सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास झालेला विस्तार प्राचीन मृदांतील कार्बनच्या अशाच समस्थानिकांवरून उलगडला. या कसोटीसही मर्यादा आहे. भातासारखी काही गवते प्रकाशसंश्लेषणाच्या बाबतीत झाडांच्या गटात मोडतात. भातवर्गीय गवतांच्या प्रदेशात ‘झाडांचा’ संकेत मिळाला, तरी तो झाडांचाच असेल असे नाही. म्हणूनच फायटोलिथ, परागकण आणि गाळाची रचना यांची जोड आवश्यक ठरते.

८. समारोप

उपर्युक्त चिकित्सेतून प्रतापगड परिसरासंबंधी काय म्हणता येते? येथील अरण्य अनादी आहे, असे म्हणण्यास सस्तन जीवाश्मांचा आधार नाही. येथे पूर्वी गवताळ माळ होता, असे म्हणण्यासही नाही. गोदावरी-मांजरेच्या गाळातील रानबैलावरून वैनगंगेच्या काठाविषयी निष्कर्ष काढणे हे दोन वेगळ्या पर्जन्यमानाच्या प्रदेशांना एक मानण्यासारखे आहे.

हा प्रश्न निव्वळ पांडित्याचा नाही. नवेगाव-नागझिरा क्षेत्रास २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अरण्य अनादी व अस्पर्शित मानले, तर तलाव बांधणारे, धान पिकविणारे आणि वनोपजावर जगणारे समाज त्या भूमीवर उपरे ठरतात. उलट, येथे मुळात माळच होता असे मानले, तर झाडी तोडण्यास इतिहासाचा हवाला देता येतो. दोन्ही बाजूंनी भूतकाळाचा उपयोग होणार असेल, तर त्या भूतकाळाविषयीची विधाने पुराव्याच्या मापाने करणे ही विद्यापीठीय वर्तुळाची जबाबदारी होय.

या जबाबदारीचा काही भाग जिल्ह्यातील महाविद्यालयांना उचलता येण्याजोगा आहे. वैनगंगा व तिच्या उपनद्यांच्या काठावरील गाळाच्या उभ्या कड्यांची छायाचित्रे, मोजमापे व थरांची वर्णने भूगोल विभागास करता येतील. जुन्या तलावांच्या गाळातील परागकण व फायटोलिथ हा वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पाचा विषय होऊ शकतो. प्राणिशास्त्र विभागास आजच्या जंगलातील व गावशिवारातील हाडे कशी झिजतात, कोठे साचतात, कोणती टिकतात याचे निरीक्षण वर्षानुवर्षे नोंदविता येईल. नवेगावबांधच्या कसोटीतील अनेक गोष्टी त्यातून कल्पनेच्या पातळीवरून मोजमापाच्या पातळीवर येतील. नदीकाठी एखादे जीवाश्मसदृश हाड आढळल्यास ते उचलून कपाटात ठेवण्यापेक्षा ते जागीच राखून, स्थान व थर टिपून, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर येथील कार्यालयास कळविणे अधिक उपयुक्त ठरेल. नदीपात्रांतील उत्खनन, रस्ते व बांधकामे यांमुळे गाळाचे कडे झपाट्याने नष्ट होत असल्याने या नोंदींस विलंब परवडणारा नाही. थर एकदा नाहीसा झाला, म्हणजे त्यातील हाड हाती असूनही पर्यावरणाविषयी ते फारसे काही सांगू शकत नाही.